केळीची थंडी

माझा भाऊ नजीर केळी पिकवतो. शेतात नव्हे, शहाद्याच्या बाहेर शेठचं चेंबर आहे, तिथे. हिरवीगार केळी कॅरेटमध्ये भरून येतात, बंद खोलीत थंड हवेत राहतात आणि बाजाराचा अंदाज घेऊन त्यांना गॅस दिला की पिवळी होऊन ट्रकमध्ये चढतात. हे सगळं नजीरच्या हातात. दाराला तळवा लावून तो आतली थंडी सांगतो आणि काटा बघितला तर तेवढाच निघतो. शेठ पाहुण्यांसमोर त्याला ‘केळीचा डॉक्टर’ म्हणतो. हे ऐकून ऐकून आमच्या नजीरची मान जी ताठ झाली ती झालीच.

त्याचं एक पालुपद आहे. लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या अनोळखी माणसालाही तो ते ऐकवतो. केळीला उन्हाची भीती नाही तेवढी थंडीची. तेराच्या खाली पारा गेला की केळीला थंडी लागते. वरून काही दिसत नाही, पण बाहेर काढलं की साल काळी पडते. मग कितीही गॅस द्या, ते केळं काही नीट पिकत नाही. म्हणून माल चौदावर ठेवायचा. चौदा म्हणजे चौदा. हे सांगताना तो असा बोट उभारतो की समोरच्याचा घास हातात राहतो.

मी इफ्फत, त्याची मोठी बहीण. माझे मालक वारल्यावर मी भावाच्या ओसरीत शिलाईची मशीन मांडली आणि तिथेच राहिले. आमच्या घरात उर्दू बोलतात असं लोकांना वाटतं. बोलतो ना, निकाहात आणि भांडणात. बाकी सगळा दिवस अहिराणीत जातो.

नजीर आणि सलीमाला एकच मुलगी, हुमा. मी गावातल्या बायकांची मापं घेते, पण हुमाचं माप मला घ्यावंच लागत नसे. एका ईदला शिवलेला कुर्ता तिला पुढच्या ईदलाही बसायचा आणि त्याच्या पुढच्याही. सलीमा सुरुवातीला हसून म्हणायची की बरं आहे, कापड वाचतं. मला ते हसू आवडायचं नाही. पोरीचे कपडे तोकडे होत नाहीत ही काय आनंदाची गोष्ट आहे?

सहावीत गेली तरी हुमा पहिलीतली वाटायची. चेहरा गोल, आवाज बारीक, हातपाय बाहुलीसारखे. डोकं मात्र घरातल्या सगळ्यांपेक्षा चालायचं. तिला एसटीची कंडक्टर व्हायचं होतं. शहादा स्टँडवर उभी राहून ती गाड्यांच्या पाट्या मोठ्याने वाचायची, धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ, आणि कुठली गाडी रोज उशिरा येते तेही सांगायची. तोरणमाळच्या गाडीवर तिचा विशेष जीव, कारण घाटात सगळे प्रवासी डोळे मिटतात आणि कंडक्टर मात्र उभा राहून तिकिटं फाडतो, असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. मग शाळेत एका पोराने तिला सांगितलं की भरतीला आधी उंची मोजतात. त्या दिवशी ती घरी आली आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, फुफी, टेप आण. टाचा उंचावूनही दाराच्या कडीला हात पोचत नव्हता.

आम्ही काय काय केलं ते सांगायला नको. दुधात घालायच्या पावडरी आणल्या, झोक्याला लोंबकळायला लावलं, एका मौलवींचं पाणी पाजलं. शेवटी गावातल्या डॉक्टरनीच कान उपटले आणि सुरतच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथले डॉक्टर मूळचे जळगावकडचे, त्यामुळे मराठीतच बोलायचे. त्यांनी रक्त तपासलं, हुमाच्या डाव्या हाताचा एक्स-रे फोटो काढला आणि आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं.

मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक गाठ असते. माणूस गाढ झोपला की ती एक रस सोडते. तो रस रक्तातून हाडांना, मांसाला, काळजाला निरोप देत जातो की वाढा. मोठ्या माणसातही तो थोडा थोडा लागतोच, अंगात बळ राहायला, हाडं टणक राहायला. पण लहानपणी त्याच्याशिवाय उंची नाही. हुमाची ती गाठ आळशी निघाली होती. रस बाहेरून द्यायचा, रोज झोपण्याआधी, पेनासारख्या सुईने. त्याचं नाव ग्रोथ हार्मोन. मुलं झोपेत वाढतात हे आमची अम्मी कुठल्या परीक्षेला न बसता सांगायची, पण अम्मीकडे सुई नव्हती. नजीर येताना सगळ्या वाटेने त्याला ‘हार्मोनियम’ म्हणत होता आणि हुमा हसून हसून बेजार झाली होती.

डॉक्टर एक गोष्ट मात्र ठासून बोलले. उशीर झालाय, पण अजून वेळ आहे. हाडांच्या टोकाला कोवळी पट्टी असते, वाढ तिथे होते. मुलगी वयात आली की ती पट्टी हळूहळू मिटते. मिटायच्या आत जेवढं वाढायचं तेवढं वाढायचं. औषध एक ट्रस्ट देणार होता, चार-सहा महिन्यांचं एकदम. पोर वाढत असेल तोवरच, कारण मागे दुसरी पोरं रांगेत असतात.

औषध नर्सने दिलं. गुजराती बाई, बोलायला गोड. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या विटा घालून तिने पेनं ठेवली आणि म्हणाली, “ठंडकमां राखजो. पण बहु ठंडी लागवी न जोइए.”

तिला म्हणायचं होतं, गोठू देऊ नका. दुसऱ्या कुणाला तेच कळलं असतं. पण समोर उभा होता केळीचा डॉक्टर. थंडीत ठेवा, पण थंडी लागू देऊ नका. उभ्या आयुष्यात नजीरला इतकं स्पष्ट कुणी बोललं नव्हतं. त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, “बेन, ते मन्हावर सोडा. मन्हा धंदाच तो शे.”

नंदुरबारच्या गाडीत बसल्या बसल्या त्याने डबा उघडला आणि बर्फाच्या विटा काढून खिडकीतून टाकून दिल्या. मी म्हटलं, अरे, त्या बाईने दिल्यात ना. तर मलाच समजावू लागला.

“आपा, थंडी लागी जाई. आतून मरी जाई औषध. वरून कायच दखावाव नही.”

घरी सलीमा म्हणाली की शेजारच्या आशाताईकडे फ्रिज आहे, त्यांना विचारते. नजीर तिच्यावर असा उखडला की विचारू नका. घरच्या फ्रिजमध्ये तीन-चारवर पारा असतो, तिथे केळं एक रात्र टिकत नाही, आणि हे तर पोरीचं औषध. शिवाय वीज जाते. त्याच्या चेंबरला जनरेटर होता. तो डबा चेंबरमध्ये गेला, चौदावर. रोज संध्याकाळी तो एक पेन ओल्या फडक्यात गुंडाळून सायकलवर घरी आणायचा आणि सकाळी परत न्यायचा. एका खोलीत गॅस सोडून पारा वर न्यायचा असला की डबा उचलून दुसऱ्या खोलीत ठेवायचा. कामावरच्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. केळीचं त्याला कळतं हे गाव मानतं, आम्हीही मानलं. इतक्या निगुतीने माणूस चूक करू शकतो हे कुणाच्या डोक्यात येईल?

हुमाने कधी कुरकुर केली नाही. सुई बघून मी तोंड फिरवायचे आणि ती मलाच म्हणायची, मुंगी चावते तेवढंच. पहिल्या काही महिन्यांत ती बोटभर वाढली. नजीरने चेंबरवर पेढे वाटले. मग वाढ मंदावली, खेपेला केसभर. सुरतला गेलो की डॉक्टर कपाळाला आठ्या घालायचे, मात्रा वाढवायचे आणि विचारायचे, “औषध थंडीत ठेवता ना?” नजीर छातीवर हात ठेवून म्हणायचा, “एकदम थंडीत, साहेब.” दोघंही खरंच बोलत होते. एकाच शब्दावर दोघं दोन गावांना चालले होते आणि मधे माझी पोर उभी होती.

हुमा नववीत गेली त्या उन्हाळ्यात ती वयात आली. आपल्याकडे म्हणतात, मुलगी मोठी झाली. सलीमाने गुळाचा शिरा केला आणि रडली. मी रडले नाही, मला राग आला. मोठी झाली म्हणे. माझ्या खांद्याला तिचं डोकं लागत नव्हतं.

त्यानंतर सुरतला गेलो ती शेवटची खेप. सलीमाला ताप होता, म्हणून नजीर, हुमा आणि मी तिघंच. डॉक्टरांनी हाताचा नवा फोटो काढला, जुना शेजारी लावला आणि हुमाला पडद्याबाहेरच्या बाकड्यावर बसायला सांगितलं. मग बराच वेळ ते फोटोच बघत राहिले.

“मला एक कळत नाही,” ते म्हणाले. “इतकी मात्रा दिल्यावर मूल वाढतं. वाढायलाच हवं. तुम्ही रोज देता?”

“एक बी दिन चुकेल नही, साहेब.”

“फ्रिज चालू असतो ना? किती थंडी असते त्यात?”

नजीर हसला. त्याच्या कामाबद्दल कुणी विचारलं की हसतो तसा. म्हणाला, “फ्रिज नही साहेब. फ्रिजमा थंडी लागी जास. मन्हा केळीना चेंबरमा ठेवस मी. चौदावर. काटा इकडना तिकडे व्हत नही.”

डॉक्टरांनी लिहिता लिहिता हातातलं पेन खाली ठेवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही त्यांच्यावर ओरडले असते. पण ते हळू आवाजात बोलले. या औषधाला दोन ते आठ लागतात. एक-दोन दिवस जास्त झालं तर एक वेळ चालेल, पण महिनोन् महिने चौदावर आणि रोज सायकलवर ये-जा, म्हणजे त्यातला जीव जातो. किती गेला, किती उरला, ते सांगता येत नाही. दिसायला पाण्यासारखं असतं, बिघडलं तरी पाण्यासारखंच दिसतं.

नजीर लगेच म्हणाला, आज फ्रिज घेतो, आजपासून नीट ठेवतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. तेव्हा डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. जुन्या फोटोत हाडांच्या टोकांशी काळ्या फटी होत्या. नव्यात त्या जवळजवळ नव्हत्याच. डॉक्टर म्हणाले की या कोवळ्या पट्ट्या आता मिटत आल्या आहेत. औषधाने त्या पुन्हा उघडत नाहीत. ट्रस्टही आता औषध देणार नाही, आणि घरात उरलं असेल ते टाकून द्या.

नजीर त्या फोटोकडे बघत होता. मग त्याने असं विचारलं की मला अजून त्याचा आवाज ऐकू येतो.

“म्हंजे पिकनं का, साहेब?”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “तसंच समजा.”

त्याला आणखी काही समजवावं लागलं नाही. पिकलेलं केळं भरत नाही, जे भरायचं ते झाडावर हिरवं असतानाच. ही गोष्ट शहाद्यात त्याच्याइतकी कुणाला माहीत नव्हती. तो उठला, डॉक्टरांना सलाम केला आणि खुर्ची होती तशी सरकवून ठेवली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने माझा हात धरला. भाऊ-बहीण असून आम्ही कधी एकमेकांचा हात धरत नाही.

“आपा, हुमाले काही सांगू नको. तिले सांग का डॉक्टर म्हने अजून थोडं थांबा.”

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं, ते जास्त वाईट. मी मान हलवली. रागाने हलवली, पण हलवली.

नंदुरबारला उतरून शहाद्याची एसटी धरली. कंडक्टर बाई होत्या, उंच, खांद्याला बॅग लावलेल्या. एरवी हुमाने त्यांना हजार प्रश्न विचारले असते. बायांना अर्धं तिकीट झालं तेव्हा ती मला म्हणाली होती, बरं झालं फुफी, आता तू पण माझ्या बरोबरीची. त्या दिवशी मात्र प्रकाशा गावाजवळच्या पुलावर ती तापीकडे बघत राहिली. मी म्हटलं, थकली असेल.

दुसऱ्या दिवशी नजीरने रिपेअरिंगवाल्याकडून एक जुना फ्रिज हातगाडीवर घालून आणला. चेंबरमधला डबा घरी आला. त्याने फ्रिजमध्ये काटा टांगला, चारवर आणला, आणि उरलेली पेनं त्यात आडवी मांडली. संध्याकाळी हात धुऊन, एक पेन घेऊन तो हुमासमोर बसला, जसा रोज बसायचा.

मी त्याला मोरीजवळ गाठलं. म्हटलं, “डॉक्टरनी टाकी द्या सांगेल शे. ते आते औषध नही, पाणी शे.”

“आपा, आते बरोबर शे ते,” तो म्हणाला. “आते चारवर शे.”

त्याला खरंच तसं वाटत होतं, की तो स्वतःलाच समजावत होता, मला ठरवता आलं नाही. डोळ्याला डोळा तो देत नव्हता. चेंबरवर जायचा, यायचा, आणि येता येता फ्रिज उघडून काटा बघायचा. दिवसातून किती वेळा बघायचा ते सलीमालाही मोजवेना. आता तो लग्नाला जात नाही, आणि केळीचं पालुपद कुणाला ऐकवत नाही. शेठनेच मला विचारलं की नजीरभाईला झालंय काय, परवा गॅस द्यायचा विसरले. अख्खी खोली हिरवी राहिली.

असं किती दिवस बघायचं? खराब औषध रोज पोरीच्या अंगात जातंय, ते तिला काय करेल कुणास ठाऊक, आणि आम्ही तिघं मोठी माणसं तोंडाला कुलूप लावून बसलोय. सलीमाला मी सांगितलं होतं, ती फक्त पदर तोंडात धरते. म्हटलं, नजीरला दिलेला शब्द गेला खड्ड्यात, आता मी सांगते. एक दिवस संध्याकाळी हुमा माझ्या मशीनजवळ बसून काज-बटन करत होती. मी दोरा तोडला आणि म्हणाले, “बेटा, ते जे औषध शे ना—”

“माले माहित शे, फुफी,” हुमा म्हणाली.

सुईवरून तिने मान वर केली नाही.

“काय माहित शे?”

“पाणी शे ते. त्या दिन मी पडदाना बाहेर बशेल व्हतू. बठ्ठं ऐकं मी. पिकनं तेबी ऐकं.”

म्हणजे सगळंच ऐकलं होतं तिने. सुरतपासून शहाद्यापर्यंत ती माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. तापीकडे बघत होती. आणि मी म्हटलं होतं, थकली असेल.

“मंग कसाले टोची लेस रोज?” मी विचारलं. माझा आवाज चढला, मला तो खाली आणता येईना. “टाकी दे ना. मी टाकी देस.”

ती उठली आणि फ्रिजच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. एवढीशी, पण मला पुढे जाता आलं नाही.

“नको फुफी. मी आज बंद करं ते अब्बाले समजी जाई का माले बठ्ठं माहित शे. मंग अब्बा मन्हाकडे कधीच देखाव नहीत.” तिने फ्रिजच्या दाराला पाठ लावली. “थोडीच पेनं ऱ्हायनीत. संपू दे.”

“आणि तुले काही व्हयनं ते?”

“माले जे व्हवानं व्हतं ते व्हयी गयं.”

चौदा वर्षांच्या पोरीने असं बोलू नये. मी तिला ते सांगणार होते, एवढ्यात सायकल लागल्याचा आवाज आला. नजीर आत आला, काटा बघितला, मोरीवर हात धुतले आणि पेन घेऊन आतल्या खोलीत गेला. त्याने हाक मारली. हुमाने हातातली सुई माझ्या मशीनच्या गादीत टोचली आणि गेली.

दार उघडंच होतं. मी मुद्दाम तिकडे पाठ करून बसले, पण कान काही फिरवता येत नाहीत. तो तिला सांगत होता की आता फ्रिज आलाय, आता बघ तू कशी झपाझप वाढतेस. ती हो म्हणत होती. मग पेनाचा टिक् आवाज आला.

“दुखनं का बेटा?” नजीरने विचारलं.

“नही अब्बा,” हुमा म्हणाली. “आज ते काहीच नही दुखनं.”